शूर्पारकाचें आकाश

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीनें आपल्या भूगोलग्रंथांत हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांचीं स्थानें अक्षांश-रेखांशांसह नोंदविलीं. त्या यादींत 'सुप्पारा' या नांवानें आपलें सोपारें आलें आहे, आणि त्याला दिलेला अक्षांश साडेपंधरा आहे. वास्तविक वसई आणि विरार यांच्या मधोमध नांदणारें सोपारें १९ अंश २५ कला उत्तर अक्षांशावर आहे. साडेपंधरावा अक्षांश जातो तो गोव्याच्या पणजीवरून. म्हणजे त्या काळच्या सर्वश्रेष्ठ भूगोलवेत्त्यानें आपलें हें बंदर उचलून सव्वाचारशें किलोमीटरांहून अधिक दक्षिणेस नेऊन ठेविलें!

टॉलेमीला हंसण्याचें कारण नाहीं. स्थळाचें खरें स्थान आकाशावरूनच ठरतें, प्रवाशांनीं सांगितलेल्या अंतरांवरून नव्हे, हें त्यानें ग्रंथारंभींच स्वच्छ लिहून ठेविलें आहे. परंतु आकाश मोजून स्थान कळविणारे लोक फारच थोड्या ठिकाणीं झाले, असेंही तो सांगतो. सोपाऱ्याहून असा कोणी त्याला भेटला नसावा. भेटता, तर काम अवघड नव्हतें. सोपाऱ्यास वर्षांतील सर्वांत मोठा दिवस सुमारें १३ तास १० मिनिटांचा असतो. टॉलेमीच्या अक्षांशावर तो सुमारें १२ तास ५५ मिनिटांचा भरेल. म्हणजे चारशें किलोमीटरांच्या या चुकीचें आकाशांतील माप अवघें पाव तास. बुडत्या घटिकापात्रानें सुद्धां पाव तास सांपडतो. चूक सांपडली नाहीं ती साधन नव्हतें म्हणून नव्हे, तर या किनाऱ्यावर उभें राहून मोजलेला आंकडा मोजणाऱ्याच्या ग्रंथापर्यंत पोंचला नाहीं म्हणून.

प्राचीन लोक आकाशाकडे कसे पाहत, या विषयावर आपल्याकडे दोन प्रकारचें लिखाण होत असतें. एका पक्षाला वेदकालीं सर्व कांहीं ठाऊक होतें असें सिद्ध करावयाचें असतें. दुसऱ्याला जें कांहीं होतें तें यवनांकडून आलें असें. दोघेही ग्रंथांतले आंकडे घेऊन भांडतात. ज्या भूमीवर ते आंकडे लागू व्हावयाचे त्या भूमीवर आकाश कसें दिसत होतें, हें क्वचितच पाहतात. म्हणून येथें एकच जागा धरून बोलावें असें योजिलें आहे, आणि ती जागा शूर्पारक ही.

या बंदराचें वैभव वाचकांस नवें नाहीं. अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकीं आठव्याचा तुकडा येथें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि नवव्याचा पुढें १९५६ सालीं भुईगांवाजवळ सांपडला. त्याच १८८२ सालीं भगवानलालांनीं 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखली जाणारी टेंकडी उकरली. आंत स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटांत करंडक व त्याच्या भोंवतीं मांडलेल्या आठ बुद्धमूर्ति मिळाल्या. नाशिकच्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात यानें शोर्पारगास धर्मशाळा बांधल्याचें कोरून ठेविलें आहे, आणि डहाणुका, दमणा, तापी इत्यादि नद्यांवर फुकट उतार चालविल्याचेंही. पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविकग्रंथांत भडोचच्या खालीं आणि कल्याणच्या वर याच बंदराचें नांव आहे. बंदर म्हटलें कीं नावाडी आला, आणि नावाडी आला कीं आकाश आलेंच.

नावाड्यापासूनच आरंभ करूं. जातककथांमध्यें सुप्पारक या वृद्ध व दृष्टि गेलेल्या कर्णधाराची कथा आहे. पाली कथेप्रमाणें तो भडोचचा. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेंत मात्र त्याच्याच नांवावरून त्याच्या गांवास सुपारग म्हणूं लागले असें येतें. व्यापारी त्याला हट्टानें जहाजावर घेतात, वादळ जहाजाला अज्ञात समुद्रांत लोटतें, आणि तो म्हातारा पाण्याच्या वर्णनावरून कोणता समुद्र आला तें सांगत जातो. कथा कथाच आहे. तींतील समुद्र भूगोलांत शोधूं नयेत. परंतु आर्यशूरानें या कर्णधाराच्या विद्येचें जें वर्णन केलें आहे तें कल्पनेंतलें नव्हे. ताऱ्यांच्या गति ओळखून दिशा न चुकणें हें त्यांत प्रथम, आणि लगेच मासे, पाण्याचा रंग, तळाची माती, पक्षी व खडक यांच्या खुणा. आकाश हें त्या विद्येचें एक पान होतें, संपूर्ण पोथी नव्हे. आणि त्या विद्येचा स्वामी कथाकारानें आंधळा कल्पिला, याचें मला नेहमीं आश्चर्य वाटत आलें आहे. ज्याला तारे दिसत नाहींत त्याच्या हातीं जहाज देण्याची कल्पना तेथेंच सुचते, जेथें ती विद्या पाठ होऊन हाडीं भिनलेली असते.

आतां वारा. यवन व्यापाऱ्यांचीं गलबतें तांबड्या समुद्रांतून निघत तीं आषाढाच्या सुमारास, म्हणजे जुलैंत. रोमचा प्लिनी याची वेळ सांगतो ती तारखेनें नव्हे, ताऱ्यानें: व्याधाचा पहांटेचा उदय होण्याच्या थोडें आधीं किंवा झाल्याबरोबर निघावें. हा तोच व्याध, ज्याच्या उदयाबरोबर नाईल नदीला पूर येई आणि ज्यावर मिसरच्या लोकांनीं आपलें नवें वर्ष बसविलें होतें. नाईलचा पूर आणि कोंकणचा नैर्ऋत्य वारा हीं दोन्हीं एकाच पर्जन्ययंत्राचीं अंगें आहेत, हें त्यांना माहीत नव्हतें. तारा मात्र दोहोंना एकच पुरला. जुलैंत निघालेलें जहाज भाद्रपदाच्या आसपास, पावसाचा तडाखा ओसरल्यावर आपल्या किनाऱ्यास लागे आणि डिसेंबराच्या उत्तरेकडील वाऱ्यानें परते. महिनाभर आधीं निघणारास आपल्या किनाऱ्यावर फुटण्याचें भय, आणि उशिरां निघणारास वारा नाहीं. ताऱ्याचा उदय चुकणें म्हणजे वर्ष चुकणें होतें.

बंदरांत शिरण्याला चंद्र लागे. पेरिप्लसच्या कर्त्यानें भडोचच्या खाडींतील भरतीचें भयंकर वर्णन केलें असून अमावास्येच्या सुमारास तिचा जोर विशेष असतो असें नमूद केलें आहे. वसईच्या खाडींत ती उग्रता नाहीं, परंतु नियम तोच. आमच्या किनाऱ्यावर त्याचें फार सुंदर गणित आजतागायत तोंडीं चालत आलें आहे: तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी, कीं पूर्ण भरतीची वेळ आली. चतुर्थीला तीन वाजतां, अष्टमीला सहा वाजतां, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढें. अष्टमीच्या आसपास भांग, पुनवेला आणि अंवसेला उधाण. मिनिटांचा हिशेब करणारास यांत अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे सांपडेल, पण होडी रेतींत रुतूं नये एवढ्यापुरतें हें गणित पुरेसें आहे. आणि त्याला लागणारें यंत्र म्हणजे चंद्राचें बिंब. नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो हाही त्याच जातीचा नियम. अलीकडे सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलै या तारखेला संपते आणि श्रावणी पौर्णिमा त्यानंतर दोन दिवसांनीं येते किंवा चार आठवड्यांनीं. त्या मधल्या दिवसांत अर्नाळ्याच्या होडीनें कोणाचें ऐकावें, कायद्याचें कीं चंद्राचें, हा प्रश्न काल्पनिक नाहीं.

राज्यकारभार सुद्धां आकाशावर चाले. कलिंगांतील आपले लेख तिष्य नक्षत्राच्या दिवशीं लोकांस वाचून दाखवावे अशी अशोकाची आज्ञा आहे, आणि पशुहत्या कोणत्या दिवशीं करूं नये याच्या यादींत तिष्य, पुनर्वसु आणि चातुर्मास्यांच्या पौर्णिमा आहेत. सातवाहनांचे लेख तर ऋतूंनींच दिवस मोजतात: अमुक वर्ष, उन्हाळ्याचा दुसरा पक्ष, तेरावा दिवस. वर्षाचे तीन ऋतु, प्रत्येकीं आठ पक्ष; वाराचा पत्ता नाहीं. सोमवार-मंगळवार हे आपणांस इतके सनातन वाटतात, पण कोरीव लेखांत वाराचा जुना निश्चित उल्लेख शोधूं गेल्यास इसवी सन ४८४ च्या एरण येथील स्तंभलेखापर्यंत खालीं यावें लागतें. उषवदाताच्या धर्मशाळेंत उतरलेल्या पांथस्थाला आज तिथि कोणती आणि नक्षत्र कोणतें हें सांगतां आलें असतें. वार कोणता, हा प्रश्न बहुधा त्याला कळलाही नसता.

येथवर सर्व ठीक होतें, कारण येथवर मनुष्य वर पाहूनच बोलत होता. गोम आली ती आंकड्यांत. वेदांगज्योतिषांत मोठ्यांत मोठा दिवस अठरा मुहूर्तांचा आणि लहानांत लहान बारांचा सांगितला आहे. कौटिल्यानेंही तेंच प्रमाण दिलें आहे. अठरा मुहूर्त म्हणजे १४ तास २४ मिनिटें. हें प्रमाण काश्मीर-गांधाराच्या अक्षांशाला जुळतें. बाबिलोनच्या मृत्तिकालेखांतही तीनास दोन हेंच प्रमाण असल्यामुळें तें कोणी कोणाकडून घेतलें याचा वाद विद्वानांत आहे, त्यांत आपण पडूं नये. सोपाऱ्यापुरती गोष्ट इतकीच, कीं येथें सर्वांत मोठा दिवस साडेसोळा मुहूर्तांच्या वर कधींच जात नाहीं. येथें बसून अठरा मुहूर्त घोकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर दीड मुहूर्त आधींच सूर्य बुडत होता. कौटिल्य पुढें म्हणतो कीं आषाढांत मध्यान्हीं सावली नाहींशी होते. हें उज्जयिनीला खरें. सोपाऱ्यास सूर्य डोक्यावर येतो तो वर्षांतून दोनदां, १७ मे आणि २६ जुलै या तारखांच्या सुमारास. दोहोंच्या मध्यें तो उत्तरेकडून जातो आणि बारा अंगुळांच्या शंकूची सावली दक्षिणेस पडते. ती लहान असते, आषाढारंभीं एका अंगुळाहूनही थोडी कमी. पण दक्षिणेस पडलेली सावली पाहून ज्याला प्रश्न पडत नाहीं त्यानें ज्योतिष शिकूं नये.

हा प्रश्न पडलेला आणि त्याचें उत्तर लिहून ठेवलेला पुरुष म्हणजे वराहमिहिर. बृहत्संहितेंत तो म्हणतो, पूर्वींच्या शास्त्रांत दक्षिणायन आश्लेषेच्या अर्ध्यापासून सांगितलें आहे, त्या अर्थीं तें कधीं काळीं तसें असलेंच पाहिजे. सांप्रत तें कर्काच्या आरंभापासून होतें. आणि यापुढेंही फरक पडला तर? तर प्रत्यक्ष पाहून ठरवावें: सूर्य उगवतांना वा मावळतांना दूरच्या खुणेशीं त्याची जागा मेळवून, किंवा मोठ्या वर्तुळांत शंकूची छाया कोठें शिरते व कोठून बाहेर पडते हें पाहून. मला तर सबंध भारतीय ज्योतिषांत याहून मोठें वाक्य सांपडत नाहीं. जुन्या ग्रंथांना खोटें म्हटलेलें नाहीं, नव्याला अंतिम म्हटलेलें नाहीं, आणि कसोटी म्हणून जें सांगितलें तें कोणाही गुराख्याला करतां येईल असें.

फरक कशामुळें पडतो तें आज शाळेंतील मुलेंही जाणतात. पृथ्वीचा अक्ष भोंवऱ्यासारखा डुलत असल्यामुळें संपातबिंदु ताऱ्यांमधून मागें सरकतो, आणि नक्षत्रांवर बसविलेलें वर्ष ऋतूंच्या मानानें सुमारें सत्तर वर्षांत एक दिवस पुढें जातें. याचा परिणाम पंचांगांत पाहण्यासारखा आहे. आज सूर्य आर्द्रांत जातो तो २१-२२ जूनला, म्हणजे दक्षिणायन आर्द्रांच्या आरंभीं होतें. आश्लेषेच्या मध्यावर सूर्य येतो ऑगस्टच्या ९ तारखेच्या सुमारास. मधले एकूणपन्नास दिवस. त्यांस सत्तरांनीं गुणिलें असतां वेदांगज्योतिषाचें निरीक्षण सुमारें चौतीसशें वर्षांपूर्वींचें ठरतें. ग्रंथाचा काळ पानांवरून ठरत नाहीं, तो असा आकाशावरून ठरतो. आणि याच रीतीनें शंकर बाळकृष्ण दीक्षित, लोकमान्य टिळक प्रभृतींनीं प्राचीन वाङ्मयाचा कालनिर्णय करण्याचा उद्योग केला. त्यांच्या अनुमानांविषयीं मतभेद होवोत, रीति निर्दोष आहे.

आतां हेंच गणित शेतकऱ्याच्या मृगाला लावून पाहावें. मृग ७-८ जूनला निघतो आणि कोंकणांत पाऊस त्याच सुमारास येतो. यामुळें मृग आणि पाऊस यांची गांठ विधात्यानेंच घातली आहे असें आपणांस वाटतें. परंतु पावसाला नक्षत्रें ठाऊक नाहींत. तो सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशीं बांधलेला आहे. अशोकाचा शिलालेख कोरला गेला त्या काळीं सूर्य मृगांत जाई तो आजच्या हिशेबानें मेच्या पहिल्या आठवड्यांत, भर उन्हाळ्यांत. तेव्हां सोपाऱ्याच्या शेतांवर पहिला पाऊस पडे तो पुनर्वसूंचा. आणखी हजार वर्षांनीं, आपण कांहींच केलें नाहीं तर, आज जेथें आर्द्रा आहेत तेथें मृग येईल, आणि पेरणी मृगापूर्वींच आटपलेली असेल. जीं वचनें आपण अनादि समजतों तीं थोड्याच शतकांचीं आहेत. त्यांच्या आधीं दुसरीं होतीं आणि तीं पुसलीं गेलीं.

ज्यांनीं हा फरक डोळ्यांनीं पारखला ते दोघे पितापुत्र आपल्याच किनाऱ्यावरचे. वसईच्या दक्षिणेस, जंजिऱ्याजवळच्या नांदगांवीं पंधराव्या शतकाच्या अखेरीस केशव दैवज्ञ होऊन गेले. कोणत्या सिद्धान्ताचा कोणता ग्रह आकाशांत मिळतो आणि कोणता मिळत नाहीं हें त्यांनीं वेध घेऊन पाहिलें, व जें पाहिलें तें लिहून ठेविलें. त्यांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ च्या, म्हणजे इसवी सन १५२० च्या आरंभास धरून 'ग्रहलाघव' रचिलें. त्यांत सूर्य एका पक्षाचा, गुरु-मंगळ दुसऱ्या पक्षाचे, आणि चंद्रांत नऊ कलांचें न्यून, अशी निवड आहे. कर्मठ सिद्धान्त्याला ही भेसळ वाटेल. तिचें समर्थन गणेशांनीं एकच केलें, आणि तें पुरेसें होतें: असे घेतलेले ग्रह दृष्टीस मिळतात. ज्या-चापांचें जंजाळ टाळून त्यांनीं गणित इतकें सोपें केलें कीं तीनशें वर्षें महाराष्ट्रांतील घरोघरच्या पंचांगांना तेंच पुरलें. दीक्षितांनीं आपल्या १८९६ च्या इतिहासग्रंथांत या पितापुत्रांचा गौरव मोठ्या आस्थेनें केला आहे. दीक्षितही कोंकणचेच, दापोलीजवळच्या मुरुडचे.

ग्रहलाघव होऊन अठराच वर्षें झालीं असतील नसतील, तोंच पोर्तुगीजांचा दों जुवांव दि काश्त्रु याच किनाऱ्यानें सूर्याचे वेध घेत गोव्याहून दीवकडे गेला. १५३८ च्या डिसेंबरांत वसईजवळ त्याच्या होकायंत्राची सुई भलतीकडे वळली, आणि ती खडकांच्या सान्निध्यानें वळते असें त्यानें नमूद केलें. टॉलेमीला न मिळालेला माणूस चौदाशें वर्षांनीं आला तो असा, परक्या आरमारांतून. नांदगांवचे गणेश दैवज्ञ आणि हा दर्यावर्दी यांच्यांत समुद्राच्या मानानें अंतर थोडें होतें. एकाचा आंकडा दुसऱ्याला कळला नाहीं. सोपाऱ्याच्या पहिल्याच कथेची ही पुनरावृत्ति म्हणावी लागेल.

पुढें ग्रहलाघवाचीही तीच दशा झाली. ज्यानें वेधासाठीं जुने आंकडे टाकले त्याचेच आंकडे शिष्यांनीं वेध न घेतां जतन केले. केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० सालीं 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' प्रसिद्ध करून व पुढें पटवर्धनी पंचांग काढून गणित आकाशाशीं पुन्हां मिळविलें, तेव्हां ग्रहणें मिळालीं म्हणून लोकांनीं कौतुक केलें, आणि एकादशी बदलली म्हणून तक्रार केली. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून ऋतूंशीं बांधलेलें राष्ट्रीय पंचांग १ चैत्र शके १८७९, म्हणजे २२ मार्च १९५७ पासून सुरू झालें. राजपत्रावर आणि आकाशवाणीवर त्याची तारीख येते. आपल्या भिंतीवर मात्र निरयन मासांचीं दिनदर्शिकाच असते, आणि संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीलाच होते.

वराहमिहिरानें सांगितलेली खूण पावसाळ्यांत आमच्या किनाऱ्यावर पाहतां येत नाहीं. दक्षिणायन ढगांत होतें. उत्तरायणाला मात्र आकाश निरभ्र असतें. अर्नाळ्याच्या किंवा राजोडीच्या वाळूवर एक काठी रोवून पाहिलें, तर २१-२२ डिसेंबरला सूर्य ठीक पश्चिमेच्या दक्षिणेस पंचवीस अंशांवर समुद्रांत बुडतो, कांहीं दिवस तेथेंच घोटाळतो आणि मग उजवीकडे परतूं लागतो. तिळगुळाच्या दिवशीं संध्याकाळीं त्याच काठीवरून पाहावें: तो सव्वादोन अंश, म्हणजे आपल्याच चार बिंबांइतका, उत्तरेस सरकलेला असतो.